एका गुणाचे अंतर

2023 च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने जगातील अग्रगण्य तिरंदाज माईक श्लोसर यांस 149-148 असे नमविले. एका गुणाच्या अशा अंतरात हाताचा सूक्ष्म कंपही निर्णायक ठरू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही. अंगावर बांधलेले गतिसंवेदक मात्र टिपतात. अ‍ॅनिमेशनपटांतील पात्रांना मानवी हालचाल देणारे तंत्र ते हेच. मोठ्या चित्रसंस्था त्याचा खर्च सोसतात; जिल्ह्यातील एकट्या खेळाडूने तो कसा सोसावा? वस्तुतः एका खेळाडूस हे साधन दिवसभर लागत नाही. तेव्हा जिल्हा क्रीडा संकुलांनी ते सामाईक घ्यावे आणि आकड्यांचा अर्थ लावणारा प्रशिक्षकही नेमावा. नुसते यंत्र घेऊन कपाटात ठेवणे ही उधळपट्टीच होय.