पाते कोण वाचणार?

जुनी तलवार दिसली की आपली नजर आधी मुठीकडे जाते आणि तेवढ्यावर 'अस्सल मराठा' असा निवाडाही होऊन जातो. पाते कोणी वाचत नाही. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना सोडवून आणलेली रघूजी भोसल्यांची तलवार पाहा. पाते युरोपीय, एकधारी. पाठीवर सोन्याने उठवलेल्या देवनागरी लेखात मालकाचे नाव, 'सेनासाहेबसुभा' हा किताब आणि शेवटी चक्क 'फिरंग'. परक्या पात्याचा संकोच त्या मालकाला नव्हता. तो आपल्याला वाटतो, हे नवलच.

जपानी तलवारीचा जाणकार मूठ उतरवून आतले शेपूट पाहतो. तिथला गंज तो कधीच पुसत नाही, कारण त्याच्या रंगावरून वयाचा अदमास लागतो आणि लोहाराची सही, असलीच तर, तिथेच असते. आपल्याकडे शेपूट लाखेने वा राळेने मुठीत कायमचे बसवलेले. तेव्हा साक्ष उरते ती उघड्या पात्यावरच : पोलादातला जौहर, पन्हळीजवळच्या अर्धचंद्राकृती खुणा, पाठीवरची अक्षरे. आणि खंडेनवमी आली की आमच्या मंठ्याकडे काय, इतरत्र काय, नेमके हेच पॉलिश पेपरने लख्ख केले जाते! (देवघरातल्या मूर्तीही अशाच झिजल्या.) जौहर जाणत्या हातांनी पुन्हा उठवता येतो, घासून गेलेली खूण येत नाही. पूजेला तेलाचा हात पुरे. त्याआधी पाठीवरून एकदा भिंग फिरवावे.