आमची लाकडी पद्मिनी

यंदा उन्हाळ्यात शेतीबाहेरचा एक उद्योग केला. आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीची लाकडी प्रतिकृती घरीच बनवली. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी 2003 च्या दुष्काळात विहीर खोल करण्यासाठी विकली. थोरली लेक तेव्हा सात वर्षांची. दोन दिवस ती धड जेवली नाही.

कुणाला अशी करायची असेल तर कृती सांगतो. आधी प्रमाण ठरवा. मी अठरास एक धरले. पद्मिनीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर 234 सेंटिमीटर. अठराने भागले की 13. सगळी मापे अशीच भागून कागदावर उतरवा, नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. लाकूड पांगाऱ्याचे घ्या. सावंतवाडीची खेळणी पूर्वी त्याची बनत. मऊ असल्याने पटाशी सहज चालते. मात्र ओंडका सावलीत पुरता वाळू द्या. ओल्या लाकडाला मागाहून तडे जातात. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असे, तेही विसरू नका.

रंग देऊन गाडी फळीवर ठेवली. दिवाळीला लेक आली. गाडी हातात फिरवून म्हणाली, "बाबा, ही आपली नाही. कपिलेने शिंग मारलेला पोचा कुठाय?"

मी पटाशी पुढे केली. तिने डाव्या दारावर पोचा कोरला.

विहिरीला आजही पाणी आहे. गाडीचा हिशेब मात्र त्या दिवशी मिटला.