वेष्टनाची किंमत कोण मोजतो?

देशातील कोणत्याही कामगार वस्तीतल्या किराणा दुकानासमोर उभे राहिले, तर धान्याची पोती मागे सरली आहेत आणि पुढे लखलखत्या पुड्यांच्या माळा लोंबत आहेत, असे दृश्य दिसते. शांपू, चहा, मसाला, कपडे धुण्याची पावडर, बटाट्याचे वेफर, बिस्किटे. प्रत्येक वस्तू एक, दोन, पाच किंवा दहा रुपयांच्या वेष्टनात हजर आहे. ही वेष्टने कल्पकतेने बनविलेली असतात, याबद्दल वाद नाही. रंग दुरून ओळखू यावा, निरक्षर गिऱ्हाइकालाही चित्रावरून वस्तू मागता यावी, मुलाचा हात आपसूक तिकडेच वळावा, यासाठी चित्रकार, मुद्रक, रसायनतज्ज्ञ आणि बाजारपेठेचे अभ्यासक यांची बुद्धी राबत असते. प्रश्न या कल्पकतेचा नाही. ती कोणाच्या कामी जुंपली जाते आणि तिचा खर्च कोणाच्या खिशातून वसूल केला जातो, हा प्रश्न आहे. महागाईविरुद्ध लढणाऱ्या चळवळीला तो क्षुल्लक मानता येणार नाही.

वेष्टनाची दोन कामे

वेष्टन मुळातच अनावश्यक आहे, अशी भूमिका घेणे भाबडेपणाचे ठरेल. सुट्या मालाच्या व्यापारात भेसळीला आणि मापातल्या पापाला किती वाव असतो, हे गरीब ग्राहकाला पुस्तकात वाचावे लागत नाही. १९९८ साली दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे जलशोथाची साथ पसरली, साठांहून अधिक माणसे मेली आणि त्यानंतर तेलाच्या सुट्या विक्रीवर निर्बंध आले. बंद आणि मोहोरबंद वेष्टन हे त्या अर्थाने जनतेच्या आरोग्याचे रक्षण करणारे साधन आहे.

मार्क्सने ‘भांडवल’च्या दुसऱ्या खंडात अभिसरणाच्या खर्चाची चर्चा करताना एक महत्त्वाचा भेद केला आहे. वाहतुकीचे श्रम मालाच्या मूल्यात भर घालतात. निव्वळ खरेदी-विक्रीवर होणारा खर्च मात्र मूल्यात कसलीही भर घालत नाही. हाच भेद वेष्टनाला लावून पाहावा. चहाचा सुगंध टिकविणारा, पीठ ओलाव्यापासून वाचविणारा वेष्टनाचा भाग वस्तूच्या उपयोगासाठी असतो. आतील माल आहे त्याहून अधिक भासविणारा, शेजारच्या कंपनीच्या तशाच मालापासून आपला माल निराळा दाखविणारा भाग केवळ विक्रीसाठी असतो. बॅरन आणि स्वीझी यांनी १९६६ साली ‘मोनॉपली कॅपिटल’ या ग्रंथात दाखविले की, मक्तेदारीच्या युगात विक्रीचा खटाटोप कारखान्याच्या आतच शिरतो आणि उत्पादनाचा खर्च कोठे संपतो व विक्रीचा कोठे सुरू होतो, हे सांगणे अशक्य होऊन बसते. याचा सर्वांत जवळचा पुरावा म्हणजे दुकानातली पुडी. वस्तू आणि तिची जाहिरात तेथे एकाच यंत्रातून बाहेर पडतात.

भारतात हे सारे काल-परवाचे नाही. लीव्हर कंपनीच्या छत्राखाली १९३७ पासून बाजारात आलेला डालडा पिवळ्या डब्यातून आणि ताडाच्या झाडाच्या चित्रातून घरोघर पोहोचला. वनस्पती तुपाच्या पौष्टिकतेविषयी वाद झाले. पण तो डबा मात्र संपला तरी घरात राहिला. डाळ-तांदळासाठी, रॉकेलसाठी आणि अखेरीस तुळस लावण्यासाठी गरिबाने त्याचा उपयोग केला. वेष्टनाचे पैसे ग्राहकानेच मोजले होते. निदान त्याच्या मोबदल्यात एक डबा तरी त्याच्या पदरात पडला. आजची पुडी फाडताच तिचे आयुष्य संपते.

पुडीचे माप मजुरीने ठरविले

छोट्या पुडीचा आधुनिक इतिहास तामिळनाडूतील कडलूर गावाकडे जातो. चिन्नी कृष्णन या छोट्या उद्योजकाच्या घरातून तेथे ‘वेल्वेट’ शांपूची पुडी निघाली; त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली ‘चिक’ हा शांपू बाजारात आणला. बाटली परवडत नसलेल्या कोट्यवधी लोकांपर्यंत माल नेण्याची ही वाट बड्या कंपन्यांनी पुढे आपलीशी केली. सी. के. प्रल्हाद यांनी २००४ साली आपल्या गाजलेल्या ग्रंथात या पुडीचा गौरव केला. समाजाच्या तळाशी असलेल्या गरिबांमध्ये मोठी बाजारपेठ दडलेली आहे आणि छोटे माप ही तिची किल्ली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या युक्तिवादाला उत्तर देताना सोयीचे अर्धसत्य सांगू नये. छोटी पुडी सदैव महागच पडते, असे नाही. शांपूच्या बाबतीत पुडीतला भाव बाटलीपेक्षा कमी पडल्याची उदाहरणे आपल्या देशात सर्रास आढळतात. तेव्हा रोजंदारीवरची स्त्री पुडी विकत घेते ती अज्ञानामुळे किंवा चित्राला भुलून घेते, असे समजणे हा मध्यमवर्गीय उर्मटपणा आहे. तिचा हिशेब पक्का असतो. आज हातात आलेल्या मजुरीतून आजचे तेल, आजचा चहा आणि आजचा साबण निघाला पाहिजे. उद्या काम मिळेल, याची हमी तिला कोणीही दिलेली नाही. महिन्याचा किराणा भरण्यासाठी महिन्याचा पगार लागतो. ज्या देशात श्रमिकांचा प्रचंड बहुसंख्य भाग असंघटित आहे, त्या देशात पुडीचे माप कंपनीच्या चित्रकाराने ठरविलेले नाही. ते मजुरीच्या अनिश्चिततेने ठरविले आहे. प्रल्हादांना जेथे संपत्तीचा साठा दिसला, तेथे प्रत्यक्षात दिसते ती तुटपुंज्या आणि तुकड्या-तुकड्याने मिळणाऱ्या मजुरीची प्रतिमा.

नाणे स्थिर, वजन अस्थिर

फसवणुकीची खरी जागा येथून पुढे सुरू होते. पुडीची किंमत नाण्याला बांधलेली असते. पाच रुपयांची वस्तू साडेपाच रुपयांना विकणे अवघड. म्हणून किंमत तीच ठेवून आतले वजन कमी केले जाते. चित्र तेच, रंग तोच, वेष्टनाचा आकारही जवळजवळ तोच. बदलतो तो एका कोपऱ्यातला बारीक आकडा. भाववाढीच्या विरोधात मोर्चा निघू शकतो. पण जी भाववाढ डोळ्यांना दिसतच नाही, तिच्याविरुद्ध कोण घोषणा देणार?

पूर्वी कायद्याचा निदान एक अडसर होता. वेष्टनबद्ध वस्तूंच्या २०११ च्या नियमांतील दुसऱ्या अनुसूचीनुसार बिस्किटे, चहा, खाद्यतेल यांसारख्या अनेक वस्तू ठरावीक वजनांच्याच वेष्टनांत विकण्याचे बंधन होते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती करून ही अनुसूचीच काढून टाकली आणि तिच्या जागी दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापण्याची अट घातली. अट चांगली आहे. परंतु तिची रचना पाहावी. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या वेष्टनावर भाव दर ग्रॅमचा आणि तोही दोन दशांश स्थळांपर्यंत छापायचा. समजा, पाच रुपयांच्या पुड्यातील ६२ ग्रॅम माल ५९ ग्रॅमवर आला. किलोचा भाव सुमारे ८१ रुपयांवरून ८५ रुपयांवर, म्हणजे पाच टक्क्यांनी चढला. वेष्टनावर मात्र आधीही ‘०.०८ रुपये’ आणि नंतरही ‘०.०८ रुपये’! शिवाय दहा ग्रॅम किंवा दहा मिलिलिटरपर्यंतच्या वेष्टनांना सर्वसाधारणपणे या नियमांतूनच सूट आहे. याचा अर्थ असा की, सर्वांत गरीब ग्राहक ज्या पुडीवर अवलंबून आहे, नेमकी तीच पुडी खरे बोलण्याच्या बंधनातून मोकळी आहे.

याउलट कर वसूल करताना सरकारची नजर वेष्टनावर अचूक खिळते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबद्ध व छापील लेबल असलेल्या धान्य, डाळी आणि पिठावर पाच टक्के जीएसटी लादण्यात आला. ग्राहकाला माहिती देणारे वेष्टन दुर्लक्षित आणि कर देणारे वेष्टन दखलपात्र, असा हा न्याय आहे. पुढे २२ सप्टेंबर २०२५ रोजी बिस्किटांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा पाच रुपयांच्या पुड्याची किंमत सुट्या पैशांत कशी उतरवायची, अशी अडचण कंपन्यांनी पुढे केली. वजन कमी करताना ही अडचण कधी आड आल्याचे दिसत नाही.

चित्र उरते, कामगार जातो

वेष्टन जितके दाखविते त्याहून अधिक झाकते. मुंबईत विलेपार्ले येथे १९२९ साली उभ्या राहिलेल्या पार्लेच्या कारखान्यातील बिस्किटांचे पिवळे-पांढरे वेष्टन आणि त्यावरील लहान मुलाचे चित्र देशाच्या कानाकोपऱ्यात ओळखले जाते. तो कारखाना २०१६ साली बंद झाला. उपनगरात दरवळणारा बिस्किटांचा वास थांबला, तेथील कामगारांचे काम संपले. वेष्टनावरील मूल मात्र पूर्वीसारखेच टवटवीत आहे. माल कोणत्या गावी, कोणत्या मजुरीवर, किती तासांच्या पाळीत तयार झाला, याची वेष्टनावर दखल नसते. माणसा-माणसांमधील संबंध वस्तूंच्या आड लपतात, हे मार्क्सचे विवेचन समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण शोधावे लागू नये.

वेष्टन वेगळेही बोलू शकते, हे केरळच्या कामगारांनी दाखविले. विडी कामगारांचा कायदा लागू होताच खाजगी मालकांनी कण्णूर भागातले काम बंद केले आणि सुमारे बारा हजार कामगार रस्त्यावर आले. त्यांच्यासाठी १९६९ साली केरळ दिनेश विडी सहकारी संस्था उभी राहिली. तिचे लेबल हे कामगारांच्या मालकीचे लेबल होते आणि त्या विश्वासावर माल खपला. पुढे तंबाखूचा खप घटत गेला, तसे संस्थेला इतर उत्पादनांकडे वळावे लागले. पण वस्तूवरचे नाव हे ती बनविणाऱ्यांच्या प्रतिष्ठेचे चिन्ह होऊ शकते, हा धडा कायम आहे.

फाटलेली पुडी कोणाची?

अनेक पुड्या प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकत्र चिकटवून बनतात. हे थर सुटे करणे जवळजवळ अशक्य असल्याने भंगाराच्या बाजारात त्यांना मोल नाही. म्हणून कचरावेचक स्त्रियाही त्या उचलत नाहीत. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत असे बहुस्तरीय वेष्टन दोन वर्षांत बंद करण्याची तरतूद होती. २०१८ साली ती दुरुस्त करून, ज्याचा पुनर्वापर होत नाही, ज्यातून ऊर्जा मिळत नाही किंवा ज्याचा अन्य उपयोग नाही, अशाच वेष्टनापुरती मर्यादित केली गेली. जाळून ऊर्जा मिळते एवढे म्हटले की पुडी सुटली! त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकबंदी आणली. पातळ पिशवी देणाऱ्या भाजीवाल्याला पहिल्याच गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला. कारखान्यात भरून येणाऱ्या मालाच्या वेष्टनाला मात्र सवलत मिळाली. वर्गीय पक्षपात कायद्याच्या भाषेत कसा लिहिला जातो, याचा हा नमुना होय.

चळवळीपुढील काम

सरकारची ताकद कमी पडते, ही सबब खोटी आहे. एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्यासाठी राखून ठेवण्यास सरकारने कंपन्यांना भाग पाडले. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून, किंमत न उतरविता वजन घटविलेल्या मालाची सूचना मोठ्या दुकानांनी दोन महिने लावण्याचे बंधन आहे. भारतीय ग्राहकाला हे का मिळू नये?

म्हणून महागाईविरोधी मोहिमेत काही ठोस मागण्या पुढे आल्या पाहिजेत. ठरावीक वजनांची अनुसूची पुन्हा लागू करावी. सर्वांत लहान पुडीसह प्रत्येक वेष्टनावर दर किलोचा किंवा दर लिटरचा भाव ठळक अक्षरांत आणि त्या-त्या राज्याच्या भाषेत छापावा. वजन घटविल्यास तसे वेष्टनाच्या दर्शनी भागावर जाहीर करावे. वापरलेली पुडी गोळा करण्याचा खर्च कंपनीने द्यावा आणि तो कचरावेचकांच्या हातात मजुरी म्हणून पडावा. डाळ, तेल आणि साखर रेशनच्या दुकानातून पुरेशा प्रमाणात मिळावी.

पक्षसभासदांना आणि महिला संघटनांना याची सुरुवात वस्तीतच करता येईल. एकाच वस्तूची जुनी आणि नवी वेष्टने शेजारी-शेजारी ठेवून वजनाचे आकडे फळ्यावर लिहावेत. ते पाहणाऱ्याला लांबलचक भाषणाची गरज उरणार नाही. मात्र त्याच फळ्यावर किमान वेतनाचा आकडाही लिहिला पाहिजे. वेष्टनाला खरे बोलायला लावणे ही अर्धी लढाई आहे. ज्या दिवशी श्रमिकाच्या घरात महिन्याचा किराणा एकदम भरता येईल एवढी निश्चित मजुरी येईल, त्या दिवशीच पुडी घेणे ही त्याची मजबुरी उरणार नाही.