सुरक्षिततेच्या नावाखाली स्मृतिभ्रंश

मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे आणि कोणते देऊ नये, हा वाद कोणत्याही समाजाला नवा नाही. असा वाद होणे हे समाज जागा असल्याचेच लक्षण मानले पाहिजे. परंतु मुलांपासून सत्य लपविणाऱ्या वडीलधाऱ्यांची गत काय होते, हे सांगणारे पुस्तकच वडीलधाऱ्यांनी मुलांपासून लपवू पाहावे, याला काय म्हणावे? अमेरिकन लेखिका लोइस लाउरी यांच्या ‘द गिव्हर’ या कादंबरीच्या वाट्याला नेमके हेच आले.

ही किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली. १९९४ मध्ये तिला न्यूबेरी पदक मिळाले. अमेरिकेत बालसाहित्याच्या क्षेत्रात हा सन्मान मानाचा समजला जातो. अनेक शाळांनी ती वर्गात वाचावयास लावली. आणि त्याच काळात ती वर्गातून, ग्रंथालयातून काढून टाकावी, अशा पालकांच्या तक्रारीही सुरू झाल्या. अमेरिकन ग्रंथालय संघटना सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या शंभर पुस्तकांची दशकवार यादी करते. १९९० ते १९९९ आणि २००० ते २००९ या दोन्ही दशकांच्या यादीत ‘द गिव्हर’चे नाव आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले याच शाळांतून शिकतात. तेव्हा हा वाद सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

आक्षेप काय आहेत?

आक्षेप घेणारे पालक कोणी माथेफिरू नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कादंबरीत एका तान्ह्या बाळाला सुई टोचून मारण्याचा प्रसंग आहे. वृद्धांना ठरलेल्या दिवशी समारंभपूर्वक संपविण्याची प्रथा आहे. एका मुलीने स्वतःहून मरण मागितल्याची कथा आहे. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मनात उमलणाऱ्या भावना दडपण्यासाठी रोज गोळी देण्याची पद्धत आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी हे वाचावे काय, असा प्रश्न आईवडिलांना पडला तर तो अस्थानी नाही. पुस्तक कोणत्या वयात द्यावे, कोणी सोबत बसून वाचावे, हे ठरविण्याचा अधिकार आईवडिलांचा आहे, आणि तो कोणीही त्यांच्याकडून काढून घेऊ नये.

परंतु आपल्या मुलाने ते आज वाचू नये असे म्हणणे वेगळे आणि ते कोणाच्याच मुलाने कधीच वाचू नये असे म्हणणे वेगळे. पहिले पालकत्व आहे, दुसरे राज्यकारभार. शिवाय गुन्हा दाखविणे आणि गुन्ह्याची भलामण करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. ज्या पानावर बाळ मारले जाते त्या पानावर कादंबरीचा बालनायक आतून फाटतो, त्याचा आपल्या जगावरचा विश्वास कायमचा उडतो. हे पान फाडून टाकू पाहणाऱ्यांनी त्याच्या पुढचे आणि मागचे पान वाचले होते काय, हा खरा प्रश्न आहे.

दुःख हद्दपार केलेली वस्ती

कथा थोडक्यात अशी. जोनास हा बारा वर्षांचा होऊ घातलेला मुलगा एका अतिशय नीटनेटक्या वस्तीत राहतो. तेथे भूक नाही, भांडण नाही, बेकारी नाही. ऊन-पाऊस-बर्फ नाही, कारण हवामान नियंत्रित आहे. डोंगर नाहीत, कारण उंचसखल भाग वाहतुकीस अडचणीचा. रंगही नाहीत. प्रत्येक कुटुंबाला अर्जानुसार एक मुलगा व एक मुलगी मिळते. मुले जन्माला घालणाऱ्या स्त्रिया वेगळ्या, तो एक व्यवसाय. रोज सकाळी प्रत्येकाने आपले स्वप्न सांगायचे, रोज रात्री जेवणानंतर दिवसभराच्या भावना सांगायच्या. नवव्या वर्षी सायकल मिळते, बाराव्या वर्षी प्रमुख मंडळी प्रत्येकाचा जन्मभराचा व्यवसाय जाहीर करतात.

या वस्तीत हुकूमशहा नाही. रस्त्यावर शिपाई नाहीत, तुरुंग नाहीत, घोषणा नाहीत. सोव्हिएत संघ १९९१ साली कोसळल्यानंतर दोनच वर्षांनी ही कादंबरी आली म्हणून काहींनी तिला साम्यवादाच्या टीकेच्या चौकटीत बसविले. ते वाचन सोयीचे असले तरी अपुरे आहे. या वस्तीवर कोणी बाहेरून येऊन जुलूम लादलेला नाही. तेथील माणसांच्या पूर्वजांनीच फार पूर्वी स्वखुशीने सौदा केला आहे: दुःख नको, त्याबदल्यात स्मृती नको आणि निवडही नको.

परंतु स्मृती पुसून टाकल्याने अनुभव नाहीसे होत नाहीत. म्हणून वस्तीने एक युक्ती केली. मानवजातीच्या साऱ्या स्मृती एका माणसाच्या अंगावर टाकल्या. तो एकटा सोसतो, बाकीचे सुखात राहतात. अडचण आली की मंडळी त्याच्याकडे सल्ला मागायला जातात. जोनासची निवड या स्मृतिधारकाचा वारस म्हणून होते. म्हातारा त्याला एकेक स्मृती देऊ लागतो. बर्फावरून घसरगाडीने खाली येण्याचा आनंद, उन्हाची ऊब, मग उन्हाने भाजलेली कातडी, मोडलेला पाय, हस्तिदंतासाठी मारलेला हत्ती, रणांगणावर पाण्यासाठी तळमळणारा जखमी तरुण. शिकवणीत होणाऱ्या या वेदनेवर औषध घेण्यास नियमानेच बंदी आहे.

सुई धरणारा हात

या वस्तीत ‘मुक्त करणे’ असा एक शब्द आहे. वृद्धांना मुक्त करतात, तीनदा नियम मोडणाऱ्याला मुक्त करतात, वजन न वाढणाऱ्या बाळाला मुक्त करतात. मुक्त झालेला माणूस दुसरीकडे कोठेतरी राहावयास जातो, असे सर्वांनी गृहीत धरले आहे. जुळी मुले जन्मली की त्यांतील हलके बाळ मुक्त करायचे, असा रिवाज आहे. एका सकाळी जोनासचे वडील, जे बाळांचे संगोपक आहेत, असे एक बाळ मुक्त करतात. जोनास त्याचे चित्रीकरण पाहतो. वडील लाडिक आवाजात बाळाशी बोलत त्याच्या कपाळाच्या शिरेत सुई टोचतात, निश्चल देह खोक्यात ठेवतात आणि कचऱ्याच्या वाटेने खाली सोडून देतात.

येथे थांबून विचार करावयास हवा. हा बाप दुष्ट आहे काय? नाही. कादंबरीभर तो प्रेमळ, हसतमुख, कामावर निष्ठा असलेला गृहस्थ आहे. रात्री न झोपणाऱ्या गॅब्रिएल नावाच्या अशक्त बाळाला तो स्वतःहून घरी आणतो. पण मृत्यू म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही. ज्याने कधी शोक केला नाही, त्याला आपण काय करतो आहोत हे कळणार कसे? त्याच्या हातून क्रौर्य घडते ते द्वेषापोटी नव्हे, अज्ञानापोटी, आणि हे अज्ञान त्याला मोठ्या काळजीने शिकविलेले आहे.

कादंबरीचा सारा युक्तिवाद या एका प्रसंगात आहे. दुःखापासून जपलेली माणसे निरागस होत नाहीत, ती संवेदनाशून्य होतात. मुलांना वेदनेचे वाचन नको म्हणणाऱ्या पालकांनी हाच प्रसंग नेमका काढून टाकावयास सांगावा, यापरता दुर्दैवी योगायोग नाही. ते ज्या उपायाने मुलांचे कोवळेपण राखू पाहतात, त्याच उपायाने त्या वस्तीने तो बाप घडविला आहे.

कुंपणाबाहेरची सायकल

हे सारे लेखिकेने हवेतून आणलेले नाही. लोइस लाउरी यांचा जन्म १९३७ चा. वडील अमेरिकन सैन्यात दंतवैद्य होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जपानमध्ये असताना हे कुटुंब टोकियोत अमेरिकनांसाठी बांधलेल्या वसाहतीत राहात होते. तेथे अमेरिकन शाळा, अमेरिकन ग्रंथालय, अमेरिकन चित्रपटगृह होते आणि भोवती कुंपण. अकरा-बारा वर्षांची लोइस सायकलवर बसून गुपचूप त्या कुंपणाबाहेर जाई आणि टोकियोच्या शिबुया भागातील गजबज, वास, आवाज अनुभवून परते. न्यूबेरी पदक स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी ही आठवण सांगितली आहे. पुढे वृद्ध वडिलांची स्मरणशक्ती जाऊ लागली. आपली थोरली मुलगी तरुणपणीच वारली, हेही त्यांना आठवेना. दुःख विसरलेले वडील शांत होते, पण त्या दुःखाबरोबर मुलगीही त्यांच्या हातून निसटत होती. विसरण्याने मिळणाऱ्या शांतीची किंमत काय, हा प्रश्न लेखिकेला आपल्या घरातच भेटला.

जोनासही शेवटी सायकलवरच निघतो. गॅब्रिएलला मुक्त करण्याचे ठरल्याचे कळताच तो रात्री त्या बाळाला घेऊन वस्ती सोडतो. शोध घेणारी विमाने शरीराची उष्णता हुडकीत डोक्यावरून फिरतात, तेव्हा तो बर्फाची स्मृती आठवतो, ती बाळालाही देतो आणि दोघांची शरीरे थंड करतो. ज्या स्मृती धोकादायक म्हणून गाडून टाकल्या होत्या, त्याच अखेर दोन जिवांना वाचवितात. म्हातारा दाता मात्र मागे राहतो. जोनास गेल्यावर त्याच्याजवळच्या स्मृती वस्तीकडे परत येतील, लोक भेदरतील, तेव्हा त्यांना आधार द्यायला कोणीतरी हवे म्हणून. पळून जाणारा आणि मागे राहणारा, दोघेही धैर्यवान आहेत, हे विसरता कामा नये.

ओळख आणि धैर्य यांचे स्वस्त अर्थ

आजच्या किशोरसाहित्यात ‘ओळख’ या शब्दाचा सुळसुळाट आहे. स्वतःला वाटेल ते बनणे, चारचौघांहून वेगळे दिसणे, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. ‘द गिव्हर’ हा अर्थ नाकारते. जोनासला स्वतःची ओळख आरशात सापडत नाही, ती त्याला आधीच्या माणसांच्या स्मृतीतून मिळते. एका स्मृतीत त्याला सणाच्या दिवशी एकत्र जमलेले घर दिसते. त्या घरात आजी-आजोबा असतात. त्याच्या वस्तीत आजी-आजोबा ही कल्पनाच नाही, कारण मुले मोठी झाली की आईवडिलांशी संबंध संपतो. ती स्मृती पाहून घरी आलेला जोनास आईवडिलांना विचारतो, तुमचे माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात आणि शब्द नेमके वापर म्हणून त्याला समजावतात. आजीच्या मांडीवर वाढलेल्या वाचकाला या प्रसंगातील भयाणता कोणी समजावून सांगायला नको.

धैर्याचेही तसेच. २०१४ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला. त्यात जोनासचे वय वाढविले गेले, मैत्रीण फियोनाशी प्रेमप्रकरण घातले गेले, बालमित्र अ‍ॅशरला ड्रोनचा चालक करून पाठलाग रंगविला गेला. बाजाराला धैर्य म्हणजे उडी, वेग आणि झटापट एवढेच ठाऊक. कादंबरीतील धैर्य एका बंद खोलीत बसून दुसऱ्याचे दुःख आपल्या अंगावर घेण्याचे आहे. ते पडद्यावर दिसायला अवघड, आणि आयुष्यात तर त्याहून अवघड. पुस्तकावर बंदी मागणारे पालक आणि पुस्तकाचा साहसपट करणारा बाजार, दोघांनीही एकच केले: मुलाच्या अंगावरून वेदनेचा भार उतरविला आणि कथेतील प्राण काढून घेतला.

आईच्या मरणाचे पुस्तक

मुलांना दुःखाचे पुस्तक देऊ नये, हा सिद्धांत मराठी माणसाने तरी मान्य करू नये. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यात दारिद्र्य आहे, कर्ज आहे, अपमान आहे आणि शेवटी आईचे मरण आहे. घरोघरच्या आयांनी ते पुस्तक मुलांपासून लपविले नाही, उलट जवळ बसवून वाचून दाखविले आणि वाचताना स्वतःही डोळे पुसले. त्या रडण्याने मुले दुबळी झाली नाहीत. दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची पहिली शिकवणी त्यांना त्या पुस्तकाने दिली.

आज परिस्थिती पालटली आहे. घरातील आजारपण मुलांच्या कानावर पडू द्यायचे नाही, आजोबांच्या अंत्ययात्रेच्या वेळी नातवाला शेजारी पाठवायचे, वडिलांची नोकरी गेली तरी सहल ठरल्याप्रमाणे पार पाडायची, अशी काळजी घेणारी घरे थोडी नाहीत. हेतू चांगलाच असतो. जोनासच्या वस्तीतील मंडळींचा हेतूही चांगलाच होता.

म्हणून पालकांनी ‘द गिव्हर’ मुलांच्या हातून काढून घेऊ नये. आधी स्वतः वाचावे, मग मूल पुरेसे मोठे झाले की त्याच्याबरोबर बसून वाचावे. सुईच्या प्रसंगाशी मूल थांबेल, प्रश्न विचारील. तेव्हा त्याला खरे उत्तर द्यावे. घरात कोणाचे मरण झाले असेल तर त्याविषयी बोलावे, गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे. जोनासला त्याच्या घरात असे उत्तर देणारे कोणी नव्हते. ज्या मुलाला आहे, त्याला घर सोडून रात्रीच्या अंधारात निघण्याची पाळी येत नाही.