काकांना बॅकस्लॅश कशाला शिकवायचा?

मागच्या शनिवारी लोहाऱ्याला घरी गेलो होतो. दोन दिवस कॉम्प्युटर उघडायचा नाही असं ठरवलं होतं. पण काकांच्या दुकानासाठी मीच एक छोटा पायथॉन प्रोग्रॅम लिहून दिलाय, उधारीची आठवण करून देणारे मेसेज तयार करणारा. मजकूर त्यांना बदलता यावा म्हणून तो वेगळ्या फाईलमध्ये ठेवलाय. नवी ओळ हवी तिथे बॅकस्लॅश आणि एन टाका, हेही मीच सांगितलेलं.

काका म्हणाले, "आरं, मेसेजमधी मधीच ती तिरकी रेघ आन् एन कशाला येतंय?"

चूक माझीच. कोडमध्ये अवतरणात लिहिलेल्या बॅकस्लॅश एनची नवी ओळ होते, कारण पायथॉन कोड वाचतानाच ते काम उरकतो. प्रोग्रॅम चालू असताना फाईलमधून आलेल्या मजकुरात मात्र ती नुसती दोन अक्षरं असतात.

घाईत नेटवर सर्रास सापडणारा उपाय केला: मजकूर यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करा आणि 'युनिकोड एस्केप'ने डीकोड करा. इंग्रजीवर झकास चालला. मराठीचा पार चुथडा! हा डीकोडर प्रत्येक बाइटला लॅटिन-१ मधलं एक अक्षर समजतो. 'लोहारा'त काना-मात्रा धरून ६ चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट. म्हणजे १८ भलतीच अक्षरं. नशीब, मेसेज आधी स्वतःच्याच फोनवर पाठवून बघितला.

सरळ रिप्लेस मारावं, तर तेही फसवं. विंडोजच्या पाथमध्ये बॅकस्लॅशनंतर 'नांदेड' नावाचं फोल्डर इंग्रजीत, छोट्या 'एन'ने लिहिलेलं आलं की पाथ तिथेच तुटतो. आणि कुणी 'इव्हॅल' वापरा म्हणालं तर ऐकू नका. फाईलमधलं काहीही मग कोड म्हणून चालेल.

माझं मत असं: ज्या नियमाने एस्केप केलं, त्याच नियमाने ते उघडावं. जेसनमध्ये 'ल'चं बॅकस्लॅश यू ०९३२ झालं असेल, तर ते जेसन पार्सरलाच उघडू द्यावं. आणि मजकूर साधा असेल तर एस्केप हवंच कशाला? ती अडचण कोडमधल्या अवतरणांची आहे, काकांची नाही.

शेवटी डीकोडची ओळ काढून टाकली. आता काका नवी ओळ हवी तिथे एंटर मारतात. प्रोग्रॅम फाईल जशीच्या तशी वाचतो.

असो. इंग्रजीवर चाललेला कोड एकदा आपल्या गावाच्या नावावरही चालवून बघत जा.