फुसका बार आणि पुढची गोळी

बुऱ्हाणपूरच्या नेमबाजाने बाहेरगावच्या स्पर्धेत नाव नोंदवलं की टेबलापलीकडून हमखास विचारणा होते, 'पाचोरी तुमच्याकडेच ना?' खकनार भागातल्या त्या गावाची गावठी पिस्तुलं वर्तमानपत्रांत इतकी गाजली आहेत की या प्रश्नावर चिडूनही उपयोग नाही. कायद्याचं म्हणाल, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याचं कलम 5 मोडून शस्त्र किंवा काडतूस बनवणाऱ्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. कट्टा बनवणाऱ्याने जितकं हे लक्षात ठेवायचं, तितकंच परवान्याविना घरी काडतुसं भरण्याची हौस असलेल्यानेही. तो विषय इथेच सोडतो.

आपला विषय नळीत अडकणाऱ्या गोळीचा, आणि आमचे वाचक प्रशिक्षक, रेंज ऑफिसर, आर्मरर, आणि परवाना घेऊन काडतुसं भरणारे. त्यांना वाटतं, आपली नळी प्रूफ टेस्ट झालेली आहे, आपल्याला काय होणार? प्रूफ टेस्टला जादा दाबाचं काडतूस उडवतात हे खरं, पण ते मोकळ्या नळीतून. आधीची गोळी नळीत अडकलेली असताना मागून दुसरी आली, तर कारखान्याचा शिक्का काही वाचवत नाही. नशीब बरं असेल तर नळीला आतून कडं पडतं, नाहीतर नळी फाटते.

पुंगळीत दारू पडलीच नाही, किंवा फार कमी पडली, की हा फुसक्या बाराचा प्रकार घडतो. प्राइमरचा जोर तेवढा असतो की गोळी पुंगळीतून सुटते आणि नळीत शिरून थांबते. सेंटर फायरवाल्यांनी इथे जास्त सावध राहायला हवं. नेमबाज जसपाल राणाने 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 590 गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली, तो हाच सेंटर फायरचा क्रीडाप्रकार. यात .32 ची वॉडकटर गोळी साधारण शंभर ग्रेनची असते आणि तिच्यामागे दारू अगदी थोडी, दीड-दोन ग्रेनच्या आसपास. म्हणून भरलेलं काडतूस तराजूवर ठेवून 'दारू आहे की नाही' ठरवणारे स्वतःला फसवतात. पुंगळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातला आपसातला फरकच त्या दारूपेक्षा जास्त भरू शकतो. पारख करायची ती गोळी बसवण्याआधी. पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करा, टॉर्च तिरका धरा, प्रत्येकीतली पातळी शेजारणीशी ताडून पाहा. उंच दिसली तीही बाजूला काढा, कारण दुप्पट दारू ही रिकाम्या पुंगळीहून वाईट. आणि मध्ये फोन वाजला तर हातातली पुंगळी ओतून पुन्हा पहिल्यापासून. फोनवरच्या माणसाला थांबवता येतं.

आता रेंजवर. इथे माझी तक्रार आम्हा प्रशिक्षकांच्याच जातीवर आहे. पिस्तूल अडलं की मॅगझिनला थाप, स्लाइड मागे, पुन्हा फायर, हा सराव पोलिसांना शिकवतात आणि त्यांच्या कामाला तो योग्यही आहे. पण तोच सराव क्लबातल्या पोरांच्या अंगवळणी पाडून आपण काय साधतो? फुसक्या बारानंतर स्लाइड आपसूक मागे येत नाही. पोरगं ती हाताने ओढतं, पुढचं काडतूस चेंबरमध्ये जातं आणि चाप दाबला जातो. रिव्हॉल्व्हरमध्ये तर ओढायचीही गरज नाही, चाप दाबताच सिलिंडर फिरतो. रॅपिड फायरच्या शेवटच्या फेरीत चार सेकंदांत पाच गोळ्या जातात. तिथे विचार करायला वेळ नसतो. थांबण्याची सवय आधीच हातात मुरलेली असावी लागते.

'आवाज ऐका' एवढं सांगून भागत नाही. कानावर मफ असतो आणि शेजारच्या लेनमध्ये धडाधड चाललेलं असतं, त्यात आपल्या बाराची फुस्स हरवते. हाताला बसणारा धक्का मात्र आपलाच असतो. धक्का कमी वाटला, टार्गेटवर नवं भोक दिसलं नाही, की बोट चापावरून बाहेर. मागे उभ्या असलेल्या कोणालाही 'थांब' म्हणून ओरडण्याचा हक्क हवा, मग तो नवशिका असला तरी. आंतरराष्ट्रीय नियमांतही नळीत अडकलेली गोळी हा मान्य बिघाड आहे. पिस्तूल टार्गेटच्या दिशेने धरा, मोकळा हात वर करा. अधिकाऱ्याच्या ताब्यात देण्याआधी ते उघडलं किंवा यंत्रणेला हात लावला, तर तोच बिघाड अमान्य ठरतो. म्हणजे 'मीच काढतो' म्हणणाऱ्याचे गुणही जातात.

त्यानंतर अर्धा मिनिट नळीचं तोंड तसंच टार्गेटकडे ठेवायचं. बार उशिरानेही उडू शकतो. मग (स्पर्धेत असाल तर अधिकाऱ्याने पिस्तूल ताब्यात घेऊन पाहिल्यावरच) मॅगझिन काढा, चेंबर रिकामा करा, स्वतः पाहा आणि दुसऱ्याला दाखवा. नळी सुटी होत असेल तर सुटी करून मागच्या बाजूने प्रकाश पाहा. समोरून डोकावण्याचा मोह होतो, तो आवरा. सिलिंडर उघडत नसेल तर आत जिवंत काडतुसं आहेत असंच धरा, ठोकाठोकी न करता आर्मररकडे द्या.

गोळी काढायला नळीत जेमतेम मावेल अशी पितळी सळई लागते. पोलादी सळई आटे बिघडवते. लाकडी काठी तिरकी चिरते आणि गोळीशेजारी पाचर होऊन बसते, मग एकाची दोन कामं. सुट्या नळीत मुरणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडून ती रात्रभर उभी ठेवली तर सकाळी हलक्या ठोक्यांनी काम होतं. दुसरी गोळी झाडून पहिली बाहेर काढण्याचा सल्ला अजूनही कोणीतरी देतंच. तो देणाऱ्याला रेंजच्या बाहेर बसवावं. गोळी निघाल्यावर ती एकच होती ना, हे मोजा. घट्ट चिंधी नळीतून ओढताना एका जागी अचानक सैल वाटली, की नळीला कडं पडलंय, ती नळी आता वापरायची नाही. आणि ज्या खेपेतलं ते काडतूस, ती सगळी खेप त्याच दिवशी डब्यासकट बाजूला काढा, वर तारीख आणि भरणाऱ्याचं नाव लिहा. नाव लिहायला लोक का-कू करतात, पण गोळ्या उपसून दारू तपासायची वेळ येते तेव्हा त्या माणसाने समोर असलेलं बरं.