खवा सांगतो म्हणे!

वाशी म्हटलं की लोकांना नवी मुंबईतलं रेल्वे स्टेशन आठवतं. आमची वाशी ती नव्हे. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत, तालुक्याचं गाव. पाऊस बेताचा. पिकानं दगा दिला की घर चालतं ते गोठ्यावर. त्यामुळे आमच्या आणि शेजारच्या भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या फार. कुंथलगिरीचा पेढा तुम्ही खाल्ला असेल, निदान सरमकुंडी फाट्यावर गाडी थांबवून पेढे तरी घेतले असतील. ते सगळं या खव्याच्या जिवावर.

तर या भागात एक वाक्य वेदवाक्यासारखं कानावर पडतं. "लॅक्टोमीटर कशाला? खवा सांगतो." म्हणजे कुणाच्या दुधाची शंका आली की त्याचं लिटरभर दूध वेगळं आटवायचं, पडलेला खवा तोलायचा आणि त्या उताऱ्यावर दर ठरवायचा. काचेची नळी दुधात बुडवून डिग्री बघणं हे शहाण्यांचे चाळे. दूध कढईत पडलं की खोटं बोलत नाही, असा एकूण आविर्भाव.

मला हे म्हणणं अजिबात पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो, कारण यात गोरगरिबांचे पैसे जातात.

आधी ज्यांचा दुधाशी संबंध फक्त पिशवीपुरता आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. पाण्याची घनता 1.000 धरली तर गायीचं चांगलं दूध साधारण 1.028 ते 1.032 भरतं. यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे डिग्री. लॅक्टोमीटर दुधात सोडला की तरंगतो, पाणी घातलं असेल तर जास्त बुडतो आणि आकडा कमी दिसतो. 30 डिग्रीच्या दुधात दहा टक्के पाणी मिसळलेलं असेल तर ते 27 वर येतं. इतका साधा हिशेब. आणि हे यंत्र दोन-तीनशे रुपयांत मिळतं.

आता खवा काय सांगतो ते बघू. 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफचं गायीचं दूध घ्या. शंभर ग्रॅम दुधात बारा ग्रॅम घन पदार्थ, बाकी पाणी. लिटरभर दुधाचं वजन सुमारे 1030 ग्रॅम, म्हणजे त्यात घन पदार्थ साधारण 124 ग्रॅम. खवा म्हणजे हेच 124 ग्रॅम, अधिक कढईत शिल्लक राहिलेलं पाणी. आता हे पाणी किती ठेवायचं ते कोण ठरवतं? उलथनं ज्याच्या हातात आहे तो. खवा ओलसर असताना, म्हणजे चाळीस टक्के पाणी असताना कढई उतरवली, तर 206 ग्रॅम खवा पडेल. आणखी आटवून तीस टक्क्यांवर उतरवली तर 177 ग्रॅम. दूध तेच, गाय तीच, धार काढणारी बाई तीच. फरक 29 ग्रॅमचा!

याच्याशी ताडून बघा. त्याच दुधात दहा टक्के पाणी घातलेलं असलं आणि दोन्ही खवे सारखेच, पस्तीस टक्के पाण्यावर उतरवले, तर चांगल्या दुधाचा खवा 190 ग्रॅम पडेल आणि पाणी घातलेल्याचा 171. फरक 19 ग्रॅम. म्हणजे कढई दोन मिनिटं आधी उतरवली की नंतर, यानं पडणारा फरक हा पाणी घातल्यानं पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा आहे. मग खवा नेमकं काय सांगतो? दुधाबद्दल सांगतो की उलथन्याबद्दल?

मुरलेला भट्टीवाला म्हणेल, की अहो आमचा हात बसलेला आहे, रोज एकाच घट्टपणावर कढई उतरते. मान्य. त्या हाताचं मला कौतुकच आहे. जाळापुढे उभं राहून दूध खाली लागू न देता आटवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पण तो हात भट्टीवाल्याचा आहे, आणि दूध विकत घेणाराही तोच आहे. मापही त्याचं, न्यायही त्याचा. त्याची नियत चांगली असेल, नव्हे असतेच बहुतेकांची. पण नियतीवर व्यवहार सोपवायचा तर मग तराजू तरी कशाला ठेवता? तेही हातानंच जोखा की!

गंमत म्हणजे उसाच्या बाबतीत हे आपल्याला कळतं. कारखान्याच्या काट्यावरून आपल्याकडे केवढा गदारोळ होतो. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर साखरेच्या उताऱ्यावर ठरतो, 2022-23 च्या हंगामापासून 10.25 टक्के हा त्याचा पाया आहे, आणि तो उतारा कारखाना स्वतःच मोजतो म्हणून शेतकरी संशय घेतो. बरोबरच आहे त्याचं. पण तोच शेतकरी संध्याकाळी किटली घेऊन भट्टीवर किंवा डेअरीवर जातो आणि समोरचा सांगेल तो आकडा मान खाली घालून ऐकून घेतो. तिथेही शब्द तोच, उतारा!

आता दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे, तो टाळून चालणार नाही. लॅक्टोमीटर फसतो. दुधातली साय काढली की डिग्री वाढते, कारण स्निग्धांश हलका. मग त्यात बेतानं पाणी घातलं की डिग्री परत जाग्यावर! साखर, मीठ, युरिया घालूनही आकडा चढवता येतो. सगळं खरं. पण यातून निष्कर्ष काय निघतो? डिग्रीच्या जोडीला फॅटही बघा, एवढाच. डिग्री बघूच नका, हा निष्कर्ष कुठून आला? आणि कढई तरी कुठं अशी सत्यवचनी लागून गेलीय? साखर किंवा पिठूळ पदार्थ घातलेल्या दुधाचा खवा उलट जास्तच पडेल. फसणारं यंत्र टाकून द्यायचं तर आधी कढई टाकावी लागेल.

हा वाद फक्त आपल्याकडचा आहे असं मात्र समजू नका. परदेशात घरच्या घरी बिअर बनवणाऱ्या हौशी मंडळींत हुबेहूब हाच तंटा आहे. (आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय असला उद्योग करता येत नाही, तेव्हा उगाच कुणी मनावर घेऊ नये.) त्यांचं यंत्र म्हणजे लॅक्टोमीटरचाच भाऊ, हायड्रोमीटर. आंबवण्याआधी साखरेच्या रसाची घनता समजा 1.050 असते, आंबवून झाल्यावर ती 1.010 च्या आसपास येते, आणि या फरकावरून मद्यार्क सव्वापाच टक्क्यांच्या आसपास आहे हे कळतं. एक पक्ष म्हणतो मोजलंच पाहिजे. दुसरा म्हणतो बुडबुडे थांबले, चव जमली, झालं, मोजून काय बिअर गोड लागणार आहे?

या दुसऱ्या पक्षाचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. स्वतः करतोय, स्वतः पितोय, मद्यार्क पाच टक्के की साडेपाच यानं कुणाचं काही बिघडत नाही. दिवाळीला घरच्या गुलाबजामसाठी दोन लिटर दूध आटवणाऱ्या काकूंना मीही लॅक्टोमीटर घ्या म्हणून सांगायला जाणार नाही. पण हाच गडी बिअर बाटल्यांत भरून बूच मारून मित्राला देतो, तेव्हा गोष्ट बदलते. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नसतं. आत चार अंकांची साखर उरलेली असेल तर ती बाटलीत आंबते, वायूचा दाब जवळपास दुप्पट होतो आणि बाटली फुटते. काच मित्राच्या घरात उडते. म्हणून जाणते लोक दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घनता मोजतात आणि आकडा हलेनासा झाला तरच बूच मारतात.

आणखी एक. ब्रिटनमध्ये 1880 पासून बिअरवरचा कर रसाच्या घनतेवर बसू लागला. चव सुधारावी म्हणून नव्हे, सरकारचा पैसा त्यात अडकला म्हणून. घरी बनवणाऱ्यालाही परवाना लागायचा, तो 1963 साली गेला. म्हणजे दुसऱ्याचा पैसा किंवा दुसऱ्याचा जीव गुंतला, की अंदाज पुरत नाही, आकडा लागतो.

आता परत आपल्या किटलीकडे. डेअरीवर डिग्री मोजतातच की, मग तिथं तरी सगळं आलबेल असेल? तिथं डिग्रीवरून एसएनएफ काढतात. प्रचलित सूत्र असं आहे: डिग्री भागिले चार, अधिक फॅटचा पाव भाग, अधिक 0.44. म्हणजे 3.5 फॅटच्या दुधाला 29 डिग्री लागली तर एसएनएफ 8.56 येतं, 28 लागली तर 8.31. एका डिग्रीनं पाव टक्का! जुलै 2023 मध्ये सरकारनं लिटरला किमान 34 रुपये दर जाहीर केला तो 3.5 आणि 8.5 च्या दुधाला. म्हणजे त्या एका रेषेच्या अलीकडे की पलीकडे, यावर घराचं गणित.

आणि ती रेष कशानं हलते बघा. लॅक्टोमीटर ठरावीक तापमानाला जुळवलेला असतो, आपल्याकडचा बहुधा 27 अंश सेल्सिअसला. दूध त्याहून गरम असेल तर आकडा कमी येतो, तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. शिवाय नुकत्याच काढलेल्या दुधाची घनता पुढच्या काही तासांत थोडी वाढते. रेक्नागेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावानं हा प्रकार ओळखला जातो. म्हणजे जो बिचारा धार काढून, फेसासकट, गरम दूध घेऊन पळत पहिला नंबर लावतो, त्याचीच डिग्री कमी लागण्याची शक्यता जास्त! त्याला हे कोणी सांगत नाही. त्याला सांगतात, "पाहुणं, दूध पातळ हाय."

उन्हाळ्यात तर विचारूच नका. हिरवा चारा संपतो, जनावर नुसत्या कडब्यावर येतं, पोटाला पुरेसं मिळालं नाही की एसएनएफ उतरतं. कासेचा दाह असला तरी उतरतं. ज्या शिवारात जनावराला पाजायला पाणी टँकरनं आणावं लागतं, तिथल्या बाईवर दुधात पाणी घातल्याचा संशय घ्यायचा. याहून क्रूर थट्टा कोणती?

म्हणून माझं म्हणणं असं, की लॅक्टोमीटर सगळ्यात आधी हवा तो गोठ्यात. भट्टीवाल्यानं घ्यावाच, पण दूध घालणाऱ्यानं त्याच्याआधी घ्यावा. सोबत एक थर्मामीटर आणि एक वही. दूध निवू द्यायचं, फेस बसू द्यायचा, हळूच ढवळायचं, नळी सोडायची, आकडा लिहायचा. सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटांचं काम. महिन्याभरात कळतं, आपल्या गायीची नेहमीची डिग्री काय आहे. एखाद दिवशी ती दोन अंकांनी घसरली तर आधी कास बघा, मग चारा बघा. आणि आपल्या वहीत रोज 29 असताना समोरच्याकडे रोज 27 लागत असेल, तर एका दिवसाच्या आकड्यावरून हमरीतुमरी न करता पूर्ण महिन्याची वही पुढे ठेवा.

"तुमच्या वहीला विचारतो कोण?" हा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. कबूल आहे, तुमची वही कोणावर बंधनकारक नाही. दूध तपासायच्या यंत्रांची नियमित सरकारी तपासणी व्हावी ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे आणि ती रास्तच आहे. वजनाच्या काट्यावर दरवर्षी शिक्का लागतो, मग फॅट आणि डिग्री सांगणाऱ्या यंत्राला सूट का? पण ती मागणी करायला उभं राहायचं तरी हातात काहीतरी लागतं. "मला वाटतं माझं दूध चांगलं आहे" आणि "या तीस दिवसांत माझं दूध 29 डिग्रीचं होतं", या दोन वाक्यांना मिळणारं उत्तर एक नसतं.

शेवटचा आक्षेप विश्वासाचा. इतक्या वर्षांचे संबंध, लग्नाकार्याला उचल देणारा हाच भट्टीवाला, त्याच्यासमोर काचेची नळी काढायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं नाही का? मला उलट वाटतं. दोघांनीही मोजलं आणि दोघांचे आकडे जुळले, तर विश्वास वाढेलच. नाही जुळले तर दोघांनी मिळून तिसऱ्यांदा मोजावं. ज्या विश्वासाला लॅक्टोमीटरची भीती वाटते, तो विश्वास नसून मिंधेपणा आहे. आणि उचल घेतलेल्या माणसाला मिंधेपणाची किंमत लिटरमागे मोजावी लागते, ती कुठल्याच पावतीवर दिसत नाही.

खव्याची चव जिभेवर ठरू द्या, त्याला माझी ना नाही. दुधाचा दर तेवढा मोजून ठरवा.